अँकर घड्याळाचं चालतं मॉडेल: कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

आज सुट्टी. दुकानं बंद, म्हणून सामान आणण्याऐवजी होहर मार्क्ट या चौकात जाऊन अँकर घड्याळासमोर सव्वा तास उभा राहिलो. अकराला पोचलो आणि बाराची मिरवणूक संपल्यावर निघालो. व्हिएन्नात राहून हे घड्याळ वीसेक वेळा पाहिलं असेल, पण सबंध तास आज पहिल्यांदा पाहिला.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अँकर विमा कंपनीच्या इमारतीच्या दोन भागांना जोडणारा एक पूल आहे आणि तो पूल म्हणजेच घड्याळ. फ्रान्झ फॉन माच या चित्रकाराने केलेली ही रचना १९११ ते १९१४ या काळातली. गोल तबकडीवर फिरणारे काटे इथे नाहीत. दर तासाला व्हिएन्नाच्या इतिहासातली एक व्यक्ती किंवा एक जोडपं डावीकडून उजवीकडे पूल ओलांडतं. तासाचा आकडा तिच्याबरोबर चालतो आणि मिनिटांच्या पट्टीवर ती जिथे असेल तितकी मिनिटं झाली. दुपारी बाराला सगळ्यांची संगीतासह मिरवणूक निघते.

प्रागच्या घड्याळात दर तासाला प्रेषित खिडकीतून दर्शन देऊन जातात, म्युनिकच्या नगरभवनावर बाहुल्या नाचतात, पण तिथे वेळ काटेच दाखवतात. इथे माणूसच काटा आहे. मॉडेल करायचं ठरवलं ते एवढ्यासाठीच. आकृती दोन मिलिमीटर वाकडी बसली तर ती दिसायला वाईट दिसेल, शिवाय वेळही चुकवेल.

१४ जानेवारी, रविवार

दिवसभर कागद-पेन्सिल. एक आकृती पट्टीच्या शेवटी पोचते तेव्हा पुढची सुरुवातीला हवी. म्हणजे दोन आकृत्यांमधलं अंतर पट्टीच्या लांबीएवढंच, आणि सगळा फेरा त्याच्या बारापट. पट्टी २५ सेंटिमीटरची धरली तर फेरा ३ मीटरचा. गोल चकतीवर बसवायचा तर चकतीचा व्यास जवळजवळ एक मीटर. ते बाद. साखळीच हवी.

सायकलची साखळी घ्यायची ठरली. तिच्या एका कडीची लांबी १२.७ मिलिमीटर. २० कड्यांना एक आकृती धरली तर पट्टी २५४ मिलिमीटरची आणि पूर्ण साखळी २४० कड्यांची. चेनचाक २० दात्यांचं घेतलं की ते तासाला बरोबर एक फेरा करणार. एवढं सरळ गणित पुढे कुठे मिळालं नाही.

बाजारातली साखळी ११६ कड्यांची येते. दोन जोडल्या की २३२. आठ कड्यांसाठी तिसरी साखळी घ्यावी लागली. १४ युरो.

२७ जानेवारी, शनिवार

पहिली पेटी फुकट गेली. तीन मीटरचा फेरा ८० सेंटिमीटरच्या पेटीत मावावा म्हणून साखळी चार रांगांत नागमोडी फिरवली होती. साखळी फिरली, पण वर पुठ्ठ्याच्या आकृत्या उभ्या केल्या तशा त्या वळणावर एकमेकींना धडकायला लागल्या. २० दात्यांच्या चाकाचा व्यास ८१ मिलिमीटर, म्हणून दोन रांगांत अंतरही तेवढंच. एकटा माणूस निभावतो. पण जोडपी तीन आहेत: लिओपोल्ड सहावा आणि थिओडोरा, रुडॉल्फ पहिला आणि त्याची राणी अ‍ॅना, मारिया थेरेसिया आणि फ्रान्झ श्टेफान. त्यांची बैठक ११ सेंटिमीटर रुंद आहे. वळताना तिचा कोपरा चाकाच्या मध्यापासून साडेआठ सेंटिमीटरपर्यंत बाहेर फिरतो आणि शेजारच्या रांगेतल्याला लागतो.

पेटी कापण्याआधी पुठ्ठ्याचं सगळ्यात रुंद जोडपं करून वळणावर फिरवून पाहायला हवं होतं. दोन शनिवार गेले आणि २९ युरोचं प्लायवुड वाया गेलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

नागमोड सोडून दिली. आता फक्त दोन चाकं, समोर एक रांग आणि मागे एक रांग. दोन्ही चाकांवर दहा-दहा कड्या जातात, उरलेल्या २२० दोन बाजूंना वाटल्या तर चाकांच्या मध्यांमध्ये १३९७ मिलिमीटर अंतर येतं. पेटी १ मीटर ६० सेंटिमीटर लांब झाली. कुठल्याच टेबलावर राहीना.

ठेवायची कुठे या विचारात असताना लक्षात आलं की मूळ घड्याळही टेबलावर ठेवलेलं नाही, ते दोन इमारतींच्या मधे आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटं समोरासमोरच्या भिंतींना होती. ती एका भिंतीला आणून मधे जागा सोडली आणि पेटी दोन्हींवर पुलासारखी टेकवली. दोन्ही टोकांची चाकं कपाटांच्या वर, कोरीव फळीआड, आणि मधल्या उघड्या भागात पट्टी. मूळ रचनेतला पूल मी इतके दिवस नुसता सजावटीचा समजत होतो. तीन मीटरची रांग लपवायला दोन्हीकडे घर लागतं, हे पेटी बांधल्यावर कळलं.

पट्टी २५४ मिलिमीटरची असली तरी उघडी खिडकी दोन्हीकडे ३५ मिलिमीटर जास्त ठेवली. नाहीतर शून्य मिनिटाला अर्धा माणूस आत आणि अर्धा बाहेर दिसतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

साखळी आडवी, म्हणजे पिना उभ्या, आणि पिनांवर आकृतीची बैठक असा बेत होता. तो फसला. सायकलची साखळी बाजूने बरीच लवते. दीड मीटरच्या मोकळ्या टप्प्यात ती मधोमध दोन सेंटिमीटर खाली आली आणि आकृत्या पुढे झुकल्या. ताण वाढवला तर मोटर अडखळायला लागली.

उपाय असा: साखळीने फक्त ओढायचं, वजन रुळाने पेलायचं. प्रत्येक आकृतीखाली प्लायवुडचा छोटा गाडा, गाड्याला चार बेअरिंगं, खाली लंबगोल रूळ. गाडा साखळीला एकाच पिनेने जोडलेला, आणि पिनेचं भोक वर-खाली लांबट, म्हणजे साखळी थोडी लवली तरी गाड्याला कळत नाही. बारा गाडे, ४८ बेअरिंगं, ३२ युरो. दोन पिनांनी जोडलेला गाडा वळणावर अडकतो, तेही करून पाहिलं.

९ मार्च, शनिवार

मोटर बसवली. स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, एका फेऱ्याला २०० पावलं, पुढे १:३० चा वर्म (मळसूत्री) गिअर. तासाला ६००० पावलं, मिनिटाला १००. वर्म घेण्याचं दुसरं कारण म्हणजे वीज गेली तरी साखळीच्या ताणाने चाक मागे फिरत नाही.

चालू केलं आणि खोलीत कोणीतरी नखाने टेबल वाजवत असल्यासारखा आवाज सुरू झाला. दर ०.६ सेकंदाला टक्. लाकडी पेटी त्याला घुमवत होती. रात्री साडेदहाला बायको उठून आली आणि म्हणाली, "हे असंच वाजणार असेल तर मला सांग, मी आजच आईकडे तिकीट काढते." बंद केलं.

मोटरला पावलं देणारा साधा ए४९८८ चालक (ड्रायव्हर बोर्ड) काढून टीएमसी२२०९ लावला. तो एकेक पाऊल बारीक तुकड्यांत देतो. मोटरखाली बुचाच्या लाकडाचा ५ मिलिमीटर थर घातला आणि मोटरचे स्क्रू रबरी वॉशरमधून घेतले. आता कान पेटीला लावला तरच ऐकू येतं. शांत चालकाचे ११ युरो आधीच खर्च केले असते तर आठवडा वाचला असता.

त्याच आठवड्यात कळलं की दिवसाला घड्याळ दोन मिनिटं मागे पडतंय. वेळ यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलर बोर्डाच्या स्वतःच्या ठोक्यांवर मोजत होतो. डीएस३२३१ हे वेगळं घड्याळ-मोड्यूल जोडलं आणि प्रश्न मिटला.

३१ मार्च, रविवार

आज उन्हाळी वेळ लागली. पहाटे दोनचे तीन झाले. काट्याच्या घड्याळात बोटाने काटा सरकवतात, इथे अख्खा माणूस सरकवायला हवा. म्हणजे आज दोनचा, सम्राट शार्लमेनचा तास येणारच नाही आणि थेट तीनचे लिओपोल्ड-थिओडोरा येणार. जागाच होतो. ६००० पावलं एका मिनिटात, पुठ्ठ्याचा शार्लमेन न थांबता खिडकीतून गेला. साठपट वेगाने चालवून पाहण्याची ही पहिली वेळ होती. डावीकडच्या वळणावर रुळाचा जोड अर्धा मिलिमीटर वर आलेला, तिथे प्रत्येक गाडा उडी मारतो. हळू चालताना हे कधीच दिसलं नसतं. तो जोड कानशीने घासून सपाट केला.

ऑक्टोबरात तास मागे घ्यावा लागेल. साखळी उलटी फिरवली की कड्यांमधली ढिलाई दुसऱ्या बाजूला जाते आणि मिनिट चुकतं. तेव्हा उलटं कधीच जायचं नाही, अकरा आकृत्या पुढे जायचं, असं ठरवून टाकलं.

१३ एप्रिल ते ५ मे

आकृत्या. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि मला सगळ्यात जास्त आवडलेलं कामही हेच.

पहिले तीन प्लास्टरचे ओतले. एकेक ३८० ग्रॅमचा. गाडा पेलतो, पण साठपट वेगात वळणावर डोकं बाहेर झुकतं. मूळच्या तांब्याच्या आकृत्या डोक्यात होत्या, म्हणून मग लाकडावर तांब्याचा पातळ पत्रा ठोकून पाहिला. १६ सेंटिमीटरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पत्रा ठोकणं माझ्या हाताला जमलं नाही. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसची दाढी तीनदा फाटली. १६ युरोचा पत्रा गेला.

शेवटी लिंडनचं लाकूड. मऊ, एकसंध, पटाशीखाली लोण्यासारखं. वरून तांब्याचा वर्ख आणि कपड्यांना रंग. पहिल्या आकृतीला नऊ तास लागले, शेवटच्यांना पाच. बारा गाडे, पण तीन जोडपी धरून आकृत्या पंधरा.

क्रम असा: मार्कस ऑरेलियस, शार्लमेन, लिओपोल्ड-थिओडोरा, कवी-गायक वाल्टर फॉन डेअर फोगेलवाइडे, रुडॉल्फ-अ‍ॅना, सेंट स्टीफन कॅथीड्रलचा स्थपती हान्स पुक्सबाउम, मॅक्सिमिलियन पहिला, महापौर लीबेनबेर्ग, सेनापती श्टारेम्बेर्ग, प्रिन्स ऑयगेन, मारिया थेरेसिया-फ्रान्झ श्टेफान आणि बाराव्या तासाला संगीतकार योसेफ हायडन.

राजे सोपे गेले. मुकुट, झगा, तलवार दिली की माणूस ओळखू येतो. अडलो ते लीबेनबेर्गपाशी. १६८३ च्या तुर्की वेढ्यात हा व्हिएन्नाचा महापौर होता. वेढा १२ सप्टेंबरला उठला, हा त्याच्या काही दिवस आधीच गेला. त्याच्या मागून श्टारेम्बेर्ग येतो, ज्याने शहर लढवलं आणि सुटका पाहिली. दोघांचा वेढा एकच, पण एकाला शेवट दिसला आणि एकाला नाही. हे लाकडात कसं आणायचं? पहिला लीबेनबेर्ग मी छाती काढून उभा केला, तो दुसरा सेनापती वाटायला लागला. टाकून दिला. दुसऱ्याचे खांदे थोडे उतरवले, अंगरखा साधा ठेवला, हात मोकळे.

मुलीने विचारलं, "बाबा, हे आजोबा दमलेत का?" तेव्हा पटाशी खाली ठेवली. त्याला पुढे हात लावला नाही.

ऑयगेन अंगाने लहानखुरा होता, म्हणून त्याला दोन सेंटिमीटर बुटका केला. मारिया थेरेसियाचा घेर आधी ऐटदार केला होता, तो मागच्या फळीला घासायला लागला. मागून कापून सपाट केला. समोरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

१८ मे, शनिवार

सगळे गाड्यांवर चढले आणि घड्याळ दर तासाला वेगळं चुकायला लागलं. वाल्टरच्या तासाला अर्धा मिनिट पुढे, मॅक्सिमिलियनच्या तासाला पाऊण मिनिट मागे. यंत्रात शोधत बसलो आणि सबंध शनिवार घालवला. दोष आकृत्यांत होता. इथे एक मिनिट म्हणजे ४.२ मिलिमीटर. नजर नाकावर ठेवून वेळ वाचायची, आणि वाल्टरने मान वळवलेली आहे!

आता प्रत्येकाच्या डोक्यावरच्या रोमन आकड्याच्या ढालीतून पितळेची बारीक तार वर जाते आणि वरच्या पट्टीवर टेकल्यासारखी दिसते. जोडप्यांची तार दोघांच्या मधोमध. ऑयगेनची दोन सेंटिमीटर लांब. आकृती गाड्यावर लांबट भोकातून स्क्रूने बसवली आहे, म्हणजे तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकवता येते. मग गुण्या लावून बाराही तारा एकाच खुणेवर आणल्या. हे लांबट भोक पहिल्या दिवशीच पाडा. रंगवलेली आकृती उलटी धरून भोक वाढवताना थिओडोराचा हात तुटला, तो जोडलेला आहे.

८ जून, शनिवार

संगीत. मूळ घड्याळात पूर्वी ऑर्गन होता, आता ध्वनिमुद्रण वाजतं. मलाही छोटं मोड्यूल लावून मोकळं होता आलं असतं. पण बाराव्या तासाला जो माणूस चालतो, त्या हायडनने संगीत-घड्याळांसाठी स्वतः छोट्या रचना केल्या होत्या. एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी असलेल्या प्रिमिटिव्हुस नीमेच यांनी १७९२ आणि १७९३ साली बांधलेली बासरी-घड्याळं अजून आहेत. त्या माणसासमोर स्पीकर लावायला मन घेईना. काहीतरी खरं वाजायला हवं.

भाता आणि बासऱ्यांना पेटीत जागा नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या १३ नळ्या आणि प्रत्येकीला सोलेनॉइडची, म्हणजे विजेच्या चुंबकाने ठोका मारणारी, हातोडी.

इथे मोठी चूक केली. सर्वांत लांब नळी ६० सेंटिमीटरची ठेवली, आणि बासरीच्या हिशोबाने तार सप्तकाचा सा ३० सेंटिमीटरवर कापला. मधल्या पाचही त्याच प्रमाणात कापून ठेवल्या. वाजवल्या तर सगळं बेसूर. तार सा हवा होता, तो आणखी एक सप्तक वर गेला. ठोकून वाजणारी नळी आतल्या हवेवर वाजत नाही, धातू वाकून वाजते, आणि लांबी अर्धी केली की स्वर एक नाही, दोन सप्तकं चढतो. एका सप्तकासाठी लांबी ०.७०७ पट हवी, म्हणजे ६० ची ४२.४. सहा नळ्या, ३१ युरो वाया.

टांगायचं भोकही आधी टोकाला पाडलं होतं, नळी ठण् करून गप्प व्हायची. टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर पाडलं, म्हणजे ६० च्या नळीला १३.४ सेंटिमीटरवर, आणि नाद खोलीभर राहिला. सूर लावताना आधी नळी दोन मिलिमीटर लांब ठेवून कापा, मग कानशीने घासत वर आणा. कापलेलं परत येत नाही.

२९ जून, शनिवार

पहिली मिरवणूक. एका मिनिटाला एक आकृती, बारा मिनिटांत बारा. तार १५ वर आली की धून सुरू, ४५ च्या आत संपते. नळ्या तेराच, त्यामुळे काही धुना वरच्या-खालच्या पट्टीत बसवून घ्याव्या लागल्या, दोन अर्ध्यावर कापल्या.

मिरवणूक छान झाली. संपल्यावर हायडन परत शून्यावर येऊन उभा राहिला आणि तिथून चालू लागला. प्रत्यक्षात बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. मिरवणुकीतला वेळ मी मोजलाच नव्हता. रविवारी दुपारपर्यंत घड्याळ चोवीस मिनिटं मागे. "अमुक इतकी पावलं पुढे जा" असा हिशोबच काढून टाकला. आता कंट्रोलर दर वेळी घड्याळ-मोड्यूलला वेळ विचारतो, त्या वेळेला साखळी कुठे असायला हवी ते काढतो आणि तिथे पोचतो. उन्हाळी वेळेचाही वेगळा विचार करावा लागत नाही.

२८ जुलै, रविवार

चार आठवडे एका दोषामागे गेले. मिरवणुकीनंतर कधी १२:१२, कधी १२:०९. रोज वेगळं. साखळी सैल झाली असेल म्हणून ताणली, चेनचाकाचा स्क्रू पुन्हा आवळला, सगळी बेअरिंगं काढून पुसली. काही उपयोग नाही.

मग मिरवणूक नळ्यांविना चालवली. बरोबर १२:१२. चार हातोड्या एकदम पडल्या की सगळ्यांचा मिळून १२ व्होल्टचा पुरवठा क्षणभर खाली बसत होता आणि मोटर पावलं गाळत होती. संगीत जितकं भरगच्च, तितकं घड्याळ मागे. हे शोधताना सोलेनॉइडला विजेच्या उलट्या दाबापासून वाचवणारा डायोड लावायचा राहिला होता, त्यात एक बोर्ड जळला. २४ युरो.

आता मोटर आणि हातोड्यांना वेगळे पुरवठे, तेराही सोलेनॉइडना डायोड. शिवाय मार्कस ऑरेलियसच्या गाड्याखाली एक पत्र्याची जीभ आहे. ती प्रकाश-सेन्सरमधून गेली की यंत्राला साखळीची खरी जागा कळते. आधी तिथे चुंबक लावला होता, तो पोलादी साखळीला चिकटून गाडा तिरका करायचा.

११ ऑगस्ट, रविवार

चौदा दिवस सलग, एकही मिनिट चुकलं नाही. आज दुपारी बाराला आधी होहर मार्क्टवर मिरवणूक पाहिली, मग घरी येऊन दुपारी एकची मार्कस ऑरेलियसची चाल पाहिली. एकूण खर्च ५५२ युरो, त्यातले सुमारे १२० चुकांचे. तास मोजले होते मेपर्यंत, तेव्हा २१० झाले होते, पुढे लिहायचं सोडलं.

राहिलेलं: पुलाखाली मूळ रचनेत आदम, ईव्ह, देवदूत आणि सैतान आहेत. माझ्या पुलाखाली अजून कोरं प्लायवुड आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहाटे तीनचे दोन. मुलगीही उठून बसली होती. रात्री नळ्या बंद असतात. तीन वाजता लिओपोल्ड आणि थिओडोरा आत येत होते, तेवढ्यात साखळीने वेग घेतला आणि एकेक करून अकरा गाडे आवाज न करता समोरून गेले. शेवटी मार्चमध्ये राहून गेलेला शार्लमेन आला आणि पट्टीवर सावकाश झाला. तार अकरा मिनिटांच्या जरा पुढे होती. फोनवर २:११ झाले होते. लीबेनबेर्ग जाताना उजव्या वळणावर बारीक कुरकुर ऐकू आली, त्याच्या गाड्याचं एक बेअरिंग बदलायला हवं.